दिवा बदलू की लेझर घेऊ?

जेवणं उरकली असतील तर बसून ऐका, नसतील तर भाकरी थापता थापता ऐका. रेडिओचं तेवढं बरं असतं, त्याला डोळे लागत नाहीत. आज बोलायचं आहे ते मात्र डोळे लागणाऱ्या गोष्टीबद्दल.

सणसरच्या बाजूच्या एका गटातल्या ताईंची चिठ्ठी आली आहे. तुकोबांची पालखी बारामतीहून निघाली की मुक्कामाला येते ते सणसर. ताईंचं नाव सांगत नाही, कारण चिठ्ठीत घरचा हिशेब आहे. त्या लिहितात, "आमच्या घरी जुना प्रोजेक्टर आहे. एका क्लासवाल्यांनी क्लास बंद केला तेव्हा स्वस्तात घेतलेला. शनिवारी एक आणि रविवारी एक, असे दोन सिनेमे पुढच्या खोलीत भिंतीवर लागतात. घरची माणसं असतात, जाऊबाई, नणंदबाई असतात. आत्याबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे. टीव्हीवरचं त्यांना नीट दिसत नाही, भिंतीवरचं मोठं असतं ते दिसतं. पण आता चित्र पिवळट आणि अंधूक यायला लागलंय. दुकानदार म्हणाला, दिवा संपत आला, नव्या दिव्याचे 9 हजार. आणि लगेच म्हणाला, आता दिव्याचं कोण घेतं, 85 हजारांत लेझर घ्या, 20 हजार तास बघायला नको. मुलगा मागं लागला आहे. गटातून अंतर्गत कर्ज मिळेल. घेऊ का?"

प्रश्न चांगला आहे, आणि तो एकट्या या ताईंचा नाही. बारामतीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलात तर आता टीव्हीच्या शेजारी प्रोजेक्टरही मांडलेले दिसतात. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या टीव्हींवरचा आणि प्रोजेक्टरवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हापासून घराघरांत हे बोलणं वाढलंय.

आधी दुकानदार काय म्हणाला ते समजून घेऊ. जुन्या प्रोजेक्टरमध्ये एक छोटा, फार तापणारा दिवा असतो. त्यात पाऱ्याची वाफ असते. आपल्या घरातल्या बल्बसारखा तो एकदम जातो असं नाही. तो हळूहळू म्हातारा होतो. उजेड कमी कमी होत निम्म्यावर येतो, रंग पिवळे पडतात आणि मग यंत्रच खूण दाखवतं की आता बदला. असा दिवा साधारण 3 ते 5 हजार तास चालतो. लेझरच्या यंत्रात दिवा नसतो. त्यात निळा लेझर असतो, तो फॉस्फर नावाच्या पिवळ्या लेपावर पडतो आणि तिथून पांढरा उजेड तयार होतो. ट्यूबलाइटच्या नळीला आतून पांढरा लेप असतो ना, त्याच जातीचं हे काम. महागड्या यंत्रांत लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे लेझर असतात, त्यात रंग जास्त भरदार येतात. कंपन्या 20 हजार तास सांगतात. म्हणजे तेवढे तास चालल्यावर उजेड निम्म्यावर येईल. आणि तो संपला की दिव्यासारखा काढून दुसरा बसवता येत नाही. बहुतेक वेळा सगळं यंत्रच बदलावं लागतं. ही गोष्ट दुकानात कुणी आपणहून सांगत नाही.

आता ताईंचा हिशेब करू. आठवड्याला दोन सिनेमे, तीन-तीन तास धरले तर सहा तास. वर्षाचे 312 तास. नवा दिवा 4 हजार तास चालला तर तो साडेबारा वर्षांहून जास्त पुरतो. आणि लेझरचे 20 हजार तास? भागून बघा. 64 वर्षं! ताई, तोवर तुमच्या नातवाला नातू होईल. इतक्या वर्षांचं आयुष्य विकत घेऊन करायचं काय? ज्या घरात रोज तीन तास बघतात, त्यांचा हिशेब वेगळा पडतो. त्यांचा दिवा साडेतीन वर्षांच्या आसपास बदलावा लागेल, आणि लेझर अठरा वर्षं जाईल. तरीसुद्धा 20 हजार तासांना 4 हजारांचे पाच दिवे लागतात, पाच नवे 45 हजार. म्हणजे नुसता दिव्याचा खर्च वाचवायचा म्हणून 85 हजार घालणं रोज बघणाऱ्यालाही परवडत नाही. "20 हजार तास" हा आकडा ऐकायला गोड आहे, एवढंच.

मग लेझर नुसतं खूळ आहे का? नाही. त्याचा खरा फायदा आपल्या भागात वेगळाच आहे, आणि तो विजेचा. दिव्याच्या यंत्राला पेटायला मिनिटभर लागतं. बंद केल्यावरही आतला पंखा थोडा वेळ फिरायला हवा, कारण दिवा चुलीतल्या निखाऱ्यासारखा तापलेला असतो. मधेच वीज गेली की पंखाही बंद पडतो, दिवा आतल्या आत भाजतो आणि त्याचं आयुष्य घटतं. आपल्याकडे वीज काय चिठ्ठी पाठवून जाते का? लेझर बटण दाबलं की लागतो, बंद केला की बंद. वीज गेली, परत आली, तरी त्याला फारसा त्रास नाही. शिवाय उजेड बरीच वर्षं एकसारखा राहतो. आणि बरीचशी लेझरची यंत्रं वीजही कमी खातात. समजा यंत्र 200 वॅटचं आहे, तर तीन तासांच्या सिनेमाला अर्ध्या युनिटहून थोडं जास्त. घरचा इन्व्हर्टर धड असेल तर वीज गेली तरी शेवट बघायला मिळतो. ज्या वस्तीवर वीज संध्याकाळची हमखास जाते आणि रोज संध्याकाळीच बघायचं असतं, त्या घरानं लेझरचा विचार जरूर करावा.

दिव्याची ही कटकट तशी आजची नाही. सिनेमा म्हणजे मुळात उजेडाचाच धंदा. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 ला मुंबईत गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला, हे मुलांच्या पुस्तकात असतं. त्यामागं सरस्वतीबाई फाळके होत्या, हे पुस्तकात बारीक अक्षरात असतं. त्या काळात विजेचे मोठे दिवे कुठले? उन्हात चित्रण चालायचं, आणि उजेड माणसांच्या तोंडावर पडावा म्हणून बाई पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहायच्या. रात्री फिल्मला भोकं पाडायची, ती रसायनात धुवायची, आणि एवढं करून सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. भांडवलासाठी दागिनेही त्यांचेच गेले. आपल्या देशातल्या सिनेमाचा पहिला उजेड एका बाईनं हातात धरला होता, असं म्हटलं तर ते नुसतं बोलायचं म्हणून होत नाही.

पुढं तो उजेड गाडीत बसून आपल्याकडे आला. टुरिंग टॉकीज, तंबूतला सिनेमा. पुसेगावसारख्या मोठ्या यात्रांत आणि गावोगावच्या जत्रांत तंबू लागायचे. त्यातल्या यंत्रात सुरुवातीला दिवा नव्हताच. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर धरून मधे विजेची ज्योत पेटवायची. कांड्या जळून झिजायच्या, म्हणून यंत्रावरच्या माणसाला त्या सारख्या पुढं सरकवाव्या लागायच्या. त्याचं लक्ष चुकलं की पडदा काळा, आणि तंबूत शिट्ट्या. मग झेनॉन वायूचे दिवे आले. आणि साधारण पंधरा वर्षांपूर्वी रिळं जाऊन संगणकावरचा सिनेमा आला. तंबूवाल्यांच्या त्या दिवसांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' नावाचा माहितीपट केला, तो 2016 साली फ्रान्समध्ये कानच्या महोत्सवात दाखवला गेला. आपल्या महाराष्ट्रातल्या जत्रांतले तंबू तिकडच्या लोकांनी पाहिले.

मी हे सगळं सांगते आहे त्याला एक कारण आहे. तंबूवाल्यांची जुनी यंत्रं बिघडली म्हणून गेली नाहीत. कितीतरी यंत्रं ठणठणीत होती. पण त्यांना घालायला रीळच येईना. नवा सिनेमा रिळावर निघायचाच बंद झाला. तेव्हा ताई, दुकानदारानं दिव्याचे 9 हजार मागितले की यंत्रालाच हा प्रश्न विचारा. त्याच्या मागच्या बाजूला टॉर्च मारून बघा. चपटं, एचडीएमआयचं तोंड आहे का? डिशचा डबा किंवा मोबाइलचं चित्र टाकायची काडी जोडायची तर ते लागतं. नुसतंच निळं, स्क्रूचं, तीन ओळी भोकांचं तोंड असेल, तर ते क्लासच्या फळ्यासाठी केलेलं जुनं यंत्र. त्याचं चित्र चौकोनी असतं, बारीकसारीक काही दिसत नाही. अशा यंत्रात 9 हजारांचा दिवा घालणं म्हणजे पत्रा गळत असताना भिंती रंगवणं. पण एचडीएमआय असेल, चित्र पूर्वी स्वच्छ येत होतं आणि आताच पिवळं पडलं असेल, तर यंत्र धडधाकट आहे. दिवा बदला. कंपनीचाच घ्या. निम्म्या किमतीतला नकली दिवा कधीकधी आतच फुटतो. तसं झालं तर घाबरू नका. मेन स्विच बंद करायचा, खिडक्या उघडायच्या आणि लेकरांना बाहेर काढायचं, कारण त्यात पारा असतो. काम संपलेला दिवाही उकिरड्यावर टाकू नका. नव्याच्या खोक्यात घालून दुकानदाराला परत द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्याला पैसे लागत नाहीत, म्हणून ते दुकानात कुणी शिकवत नाही. अंधार.

प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. कधी विचार केलाय? भिंतीवर उजेडच टाकता येतो. काळे केस, रात्र, काळी घोंगडी, हे सगळं म्हणजे जिथं उजेड पडला नाही ती तुमची भिंत. खोलीत बल्ब चालू असेल तर भिंत पांढरीच राहणार, मग नायिकेचे केस राखाडी आणि अमावास्येची रात्र दुपारसारखी. उजेड मोजतात ल्युमेनमध्ये. सिनेमागृहात पडद्याच्या एका चौरस फुटावर साधारण 15 ल्युमेन उजेड पडतो, आणि तेवढ्यात आपण खूश असतो. घरातलं 100 इंची चित्र म्हणजे सव्वासात फूट लांब आणि चार फूट उंच, सुमारे 30 चौरस फूट. तीस पंधरे साडेचारशे. म्हणजे पूर्ण अंधार असेल तर भिंतीवर साडेचारशे ल्युमेन पोचले तरी घरात सिनेमागृह होतं. आणि आपला नेहमीचा 9 वॅटचा एलईडी बल्ब किती देतो? आठशे-नऊशे! तो खोलीभर पसरतो खरा, पण चित्र धुऊन काढायला पुरतो. म्हणून पुष्कळ घरांत 85 हजारांचा उजेड विकत आणतात तो 100 रुपयांच्या बल्बशी कुस्ती खेळायला.

तेव्हा ताई, काहीही विकत घ्यायच्या आधी येत्या शनिवारी एवढं करून बघा. खिडक्यांवर जुन्या गोधड्या टांगा. पातळ पडदे नकोत, गोधडीच. तिच्यातून उजेड येत नाही, आणि खोलीत आवाज घुमतो तोही कमी होतो. देव्हाऱ्यातला लाल बल्ब, इन्व्हर्टरची लुकलुक, दाराखालची फट, सगळं झाका. भिंतीला तैलरंग असेल तर तो चमकतो, तेवढ्या तुकड्यावर बिनचमकीचा पांढरा रंग मारा. पांढरी चादर लावली तर निम्मा उजेड पलीकडे निघून जातो. तंबूत माणसं पडद्याच्या मागच्या बाजूलाही बसायची ती त्यामुळेच, त्यांना सिनेमा उलटा दिसायचा एवढंच! चित्र थोडं लहान करा. यंत्र भिंतीकडे सरकवलं की चित्र लहान होतं आणि तोच उजेड कमी जागेत पडतो. मग बघा, जुना दिवाही किती उजळतो. कदाचित तुमचे 9 हजारही वर्षभर लांबतील.

पण अंधार केला की दुसरी एक गोष्ट होते, आणि मला खरं म्हणजे तिच्याबद्दल बोलायचं आहे.

माझी आई सांगायची, तंबूत बायकांची बाजू वेगळी असायची. सगळ्या खाली मातीवर बसायच्या, लेकरं मांडीवर. पण तिकीट काढून आत गेलं की तीन तास तिथं कुणी "पाणी आण" म्हणत नव्हतं. तिथं नवराही कुठं बसलाय ते दिसायचं नाही. 1991 साली 'माहेरची साडी' आला, तेव्हा बायका गाड्या भरभरून गेल्या, पदर भिजेपर्यंत रडल्या आणि मोकळ्या होऊन घरी आल्या. मग घरात टीव्ही आला. तो सगळ्यांच्या घरात आला, पण बाईच्या वाट्याला आला तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून. एक डोळा टीव्हीवर, एक तव्यावर. गोष्ट अर्धी ऐकायची, अर्धी बघायची, आणि शेवटाला कुणीतरी जेवायला मागायचं. आता मोबाइल आलाय. तो तर ज्याचा त्याचा. म्हाताऱ्या माणसाला त्यात काही दिसत नाही आणि कामाच्या बाईला तो हातात धरायला हात मोकळा नाही.

प्रोजेक्टरला अंधार लागतो, आणि अंधारात भाकरी करता येत नाही. हा त्या यंत्राचा मला सगळ्यात आवडलेला गुण आहे. तो लावायचा तर आधी स्वयंपाक व्हायला पाहिजे, भांडी व्हायला पाहिजेत, आणि मग घरातल्या सगळ्यांनी एकदम बसायला पाहिजे. आता हे दोन प्रकारे होऊ शकतं. एक म्हणजे बाकीचे अंधारात सिनेमा बघतात आणि आतल्या खोलीत दार लोटून एकटी बाई भांडी घासते. तसं असेल तर 9 हजारही घालू नका आणि 85 हजारही. टीव्हीच बरा, निदान उंबऱ्यातून दिसतो तरी. दुसरा प्रकार मी इंदापूर तालुक्यातल्या एका घरात बघितला. त्यांनी ठरवलंय, शेवटचं भांडं पालथं पडल्याशिवाय बटण दाबायचं नाही. पहिल्या आठवड्यात सिनेमा दहाला सुरू झाला. दुसऱ्या आठवड्यात पोरं खरकटं काढायला लागली. तिसऱ्या आठवड्यात भाऊजी स्वतः पातेलं घासताना दिसले. कुणी कुणाला भाषण दिलं नाही. सिनेमाची घाई ज्याला, त्यानं हात चालवायचा. आणि काय बघायचं ते एका आठवड्याला पुरुषांनी सांगायचं, एका आठवड्याला बायकांनी. बायकांच्या पाळीला 'उंबरठा' लागला होता. 1982 चा, स्मिता पाटीलचा. संपल्यावर बराच वेळ कुणी बल्ब लावला नाही. आणि 'सैराट' लागला तेव्हा निम्मा वेळ सिनेमापेक्षा गप्पाच जास्त, कारण करमाळ्याकडचा तो मुलूख म्हणजे उजनीच्या पाण्याच्या पलीकडचा काठ, जाऊबाईंचं माहेर तिकडचं.

आत्याबाईंचं लिहिलंत, त्यावर थोडं. चित्र मोठं असल्यानं त्यांना दिसतं हे बरोबर आहे. आठ-दहा फुटांवर बसवा, भिंतीच्या अगदी समोर, कडेला नको. यंत्र त्यांच्या डोक्याच्या वर किंवा मागं असावं. उठताना त्यांच्या डोळ्यांत झोत जाता कामा नये. ऑपरेशननंतरही अंधूक दिसत असेल तर चष्म्याचा नंबर तपासून घ्या, ते काम भिंत करणार नाही. आणि लेझर असो की दिवा, भिंगाकडे डोळा लावून कुणीच बघायचं नाही. आता भिंतीला चिकटून टेबलावर ठेवायची लेझरची यंत्रं निघाली आहेत. ती हातभर अंतरावरून मोठं चित्र टाकतात, दिसायलाही छान. पण त्यांचा झोत खालून वर येतो आणि ते रांगत्या लेकराच्या उंचीवर असतं. घरात तान्हं असेल तर ते नकोच. त्या यंत्राला भिंतही आरशासारखी सपाट लागते. आपल्या गिलाव्याचा प्रत्येक उंचवटा त्यात दिसतो, मग वेगळा पडदा घ्या, त्याचे पैसे वेगळे.

तरीही कुणाला लेझर घ्यायचाच असेल, तर दुकानात काय करायचं? चकचकीत फुलांची आणि माशांची चित्रफीत ते लावतात, ती बघून भुलू नका. त्यात सगळंच सुंदर दिसतं. आपल्या पेनड्राइव्हवर रात्रीचा प्रसंग असलेला सिनेमा न्या. अंधारात उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा दिसतो का ते बघा. दुकानातले दिवे बंद करायला लावा. ते कुरकुरतील, कुरकुरू द्या. "ल्युमेन किती" एवढंच विचारू नका. "आन्सी किंवा आयएसओ ल्युमेन किती" असं विचारा. ते आकडे ठरलेल्या पद्धतीनं मोजलेले असतात. नुसते ल्युमेन म्हणजे जत्रेतल्या पैलवानाची उंची, सांगेल तेवढी. आमच्या शेजारी एकांनी ऑनलाइन 7 हजारांत "9000 ल्युमेन"चं खेळण्याएवढं यंत्र मागवलं. आलं, लावलं, तर अमावास्येला रात्री बारा वाजता काहीतरी हलताना दिसायचं. परत घ्यायला कुणी फोन उचलला नाही. अंधार करता येत असेल तर घराला दीड-दोन हजार खरे ल्युमेन पुष्कळ झाले. काही यंत्रांत डोळे फिरवले की कडांना इंद्रधनुष्यासारखे रंग चमकतात. सगळ्यांना ते दिसत नाहीत, पण ज्यांना दिसतात त्यांचं डोकं दुखतं. म्हणून जिला बघायचं आहे तिला दुकानात न्या. बहुतेक घरांत मुलगा आणि वडील जाऊन घेऊन येतात. वॉरंटी यंत्राची वेगळी आणि लेझरची वेगळी असते, आणि ती "इतकी वर्षं किंवा इतके तास, जे आधी होईल ते" अशी असते, ते लिहून घ्या. दुरुस्तीला पुण्याला पाठवावं लागलं तर न्यायचा-आणायचा खर्च कुणाचा, तेही. फोर-केच्या मागं लागू नका. आपण बघतो ते जुने मराठी सिनेमे तेवढे बारीक छापलेलेच नाहीत.

आवाज मात्र विसरू नका. यंत्राच्या पोटातला आवाज पंख्याच्या घरघरीत बुडतो. वेगळा स्पीकर घ्या आणि तो भिंतीपाशी, चित्राखाली ठेवा, म्हणजे बोलणं माणसाच्या तोंडातून आल्यासारखं वाटतं. वायरनं जोडा. ब्लूटूथवर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात.

राहता राहिलं कर्ज. गटाचं अंतर्गत कर्ज शेकडा 2 रुपये महिना असेल, तर 85 हजारांवर पहिल्याच महिन्याचं व्याज 1,700 रुपये. दोन वर्षांत फेडायचं म्हटलं तर मुद्दलाचे साडेतीन हजार त्यात मिळवा. पहिला हप्ता सव्वापाच हजारांच्या घरात. हा हप्ता कुणाच्या कमाईतून जाणार, ते आधी घरात बोला. दूध ताईंचं, शिलाई ताईंची आणि रिमोट मुलाचा, असं नको. आणि त्या महिन्यात गटातल्या कुणाला दवाखान्यासाठी पैसे लागले तर शिल्लक किती राहील, हेही बघा. अंतर्गत कर्ज त्यासाठी आधी असतं. माझं मत विचाराल तर करमणुकीसाठी गटातून 85 हजार उचलू नयेत. 9 हजारांचा दिवा आणि एक बरा स्पीकर एवढ्यासाठी छोटी रक्कम घेतली तर कुणाची हरकत नसावी.

काही गट म्हणतात, सगळ्यांनी मिळून गटाचंच यंत्र घेऊ. जरूर घ्या, पण आधी ठराव वहीत लिहा. यंत्र कुणाच्या घरी राहील, वीजबिल कोण देईल, पडलं-फुटलं तर काय, लग्नाकार्याला मागितलं तर द्यायचं का. एक सभासद गट सोडून गेली तर तिचा वाटा कसा. हे न लिहिल्यामुळे पिठाच्या गिरणीवरून गट फुटलेले आपण पाहिलेत, सिनेमावरून तर सहज फुटेल. आणखी एक. घरात घरच्यांनी बघणं वेगळं, आणि चौकात पडदा लावून किंवा तिकीट लावून दाखवणं वेगळं. मोबाइलवर जे वर्गणी भरून आपण बघतो, ती वर्गणी घरापुरती असते. गावाला दाखवायचं तर सिनेमाच्या मालकाची परवानगी लागते. तिकीट लावलंत तर सरकारी परवानेही आले.

ताई, तुमच्यासाठी उत्तर असं आहे. शनिवारी गोधड्या लावून बघा. मग यंत्राचं मागचं तोंड बघा. एचडीएमआय असेल तर दिवा बदला, नसेल तर दिव्यावर पैसे घालू नका. घरचे पैसे साठवून चांगलं यंत्र घ्या, आणि ते लेझरच घ्या, कारण आता नव्यानं दिव्याचं घेण्यात अर्थ राहिलेला नाही. पण त्याला घाई नाही, किमती उतरत आहेत.

आणि कुठलंही यंत्र असलं तरी त्याच्या बाजूला एक जाळी असते, तिच्यातून ते श्वास घेतं. भवानीनगरचं धुराडं पेटलं की गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी राख पडते, ती तुम्हाला मी सांगायला नको. तीच राख त्या जाळीत बसते आणि यंत्र तापून मरतं. गळीत हंगाम संपेपर्यंत दर पंधरा दिवसांनी प्लग काढून जाळी कोरड्या मऊ ब्रशनं झाडा, ओलं फडकं नको. सिनेमा संपला, यंत्र थंड झालं, की त्यावर जुनी उशीची खोळ घाला. पावसाळ्यात खोक्यात ठेवाल तेव्हा औषधांच्या डब्यांत येणाऱ्या ओल शोषणाऱ्या दोन-चार पुड्या सोबत टाका, भिंगाला बुरशी धरत नाही.

पुढच्या आठवड्यात आणखी दोन गटांच्या चिठ्ठ्या घेणार आहे, दोन्ही शिलाई मशीनच्या मोटारीबद्दल आहेत.